थंडीचे ठोकताळे: कोणते टाकावेत, कोणते ठेवावेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळा तोंडावर आला की ‘यंदा झाडे फळांनी लगडली, म्हणजे थंडी कडाक्याची’ असे ठोकताळे फिरू लागतात. ते सरसकट खरे मानणे चूक आणि सरसकट थट्टेवारी नेणेही चूक. अख्ख्या ऋतूचे भाकीत आणि एका रात्रीचा अंदाज, हे दोन वेगळे प्रकार आहेत.

ऋतूच्या खुणा बहुधा मागचे सांगतात. फळ किती धरणार हे फुलोऱ्याच्या वेळची हवा आणि झाडातला अन्नसाठा ठरवतो. येणाऱ्या थंडीची खबर झाडाला नसते. उत्तर अमेरिकेत एका केसाळ सुरवंटाच्या तांबूस पट्ट्यावरून हिवाळा सांगतात: पट्टा रुंद, तर थंडी सौम्य. १९४८ मध्ये कीटकतज्ज्ञ चार्ल्स करन यांनी न्यूयॉर्कजवळ असे सुरवंट तपासले आणि वर्तमानपत्रांनी तो समज सर्वदूर नेला. प्रत्यक्षात हा पट्टा कात टाकता टाकता रुंदावतो. म्हणजे तो सुरवंटाचे वय सांगतो.

रात्रीपुरत्या खुणांचे तसे नाही. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि कोरडी हवा एकत्र आली की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, तर खाली गार आणि वर उबदार हवेचा थर बसला आहे असे समजावे. अशा रात्री गवताजवळचे तापमान माणसाच्या उंचीवरच्या तापमापकापेक्षा तीन-चार अंशांनी कमी असू शकते. म्हणून आकडा शून्याच्या वर असूनही दव गोठते. गार हवा जड असल्याने सखल जागी साचते, तिथे फटका आधी बसतो.

चंद्राला खळे पडले की थंडी वाढणार, असे मानण्यात मात्र गल्लत होते. हात लांब करून बोटे फाकवली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर साधारण २२ अंश भरते. तेवढ्या त्रिज्येचे खळे उंचावरच्या बर्फकणांमुळे पडते. मागून दाट ढग आले तर रात्र उलट उबदार जाते. चंद्राला चिकटलेले लहान रंगीत वलय निराळे, ते बहुधा पाण्याच्या थेंबांचे.

हवेचा कोरडेपणा नुसता अंगाला जाणवून कळत नाही, तो मोजावा. दोन तापमापक घ्या आणि दोन्ही कोरडे असताना सारखाच आकडा दाखवतात ना, हे आधी पाहा. मग एकाच्या फुग्यावर खळ धुऊन काढलेले मलमलीचे ओले फडके गुंडाळा आणि ओल्याचा आकडा स्थिरावेपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटे, दोन्हींना वारा घाला. कोरडा १५ आणि ओला १३ अंश असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव पडू लागते तो आकडा, साडेअकराच्या आसपास. पारा तिथवर उतरल्यावर दव पडू लागते, त्यातून उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. ओला ९ दाखवत असेल, तर दवबिंदू तीनच्या जवळ, म्हणजे पारा बराच खाली जायला मोकळा. वारा कमी घातला किंवा फडके मळके असले की ओला आकडा फुगतो आणि थंडीचा अंदाज कमी निघतो. हे चूक होण्याचे सर्वांत मोठे कारण.

आपल्या हवामानाच्या चौकटीत किमान तापमान असतेच. त्याशेजारी आदल्या संध्याकाळचा दवबिंदू आणि वाऱ्याचा वेग छापावा, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक