धुकं, धुरी आणि न हटणारा खोकला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की ग्वाल्हेरच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. एक हवेच्या आकड्याची, दुसरी सर्दी-ताप-खोकल्याच्या रुग्णांनी भरलेल्या दवाखान्यांची. त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, म्हणून वाचणाराही त्यांचा एकमेकींशी संबंध जोडत नाही. घरात मूल खोकू लागलं की आपण म्हणतो, थंडी बाधली. थंडी असते, विषाणूही असतो. पण तो छातीत उतरतो, कारण त्याला वाटेत अडवणारी शरीराची व्यवस्था धुराने आधीच अधू केलेली असते. हे नीट कळलं तर घरातल्या चार गोष्टी आजच बदलता येतील, म्हणून हे पत्र.

दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी धूळ बहुतेक नाकातच अडते. पुढे श्वासनळीच्या अस्तरावर सूक्ष्म केसांचं दाट रान असतं. एकेका पेशीवर सुमारे २०० केस, सेकंदाला १०-१५ वेळा, सगळे घशाच्या दिशेने हेलकावतात. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात, वर सरकत घशाशी येतात आणि नकळत गिळले जातात. लाकडाचा किंवा कचऱ्याचा धूर, कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड लागला की हे केस मंदावतात, कफ घट्ट होतो, वाढतो आणि जागच्या जागी साचतो. जो जंतू वाहून जायचा, त्याला वाढायला वेळ मिळतो. सकाळी उठल्याबरोबर येणारा ओला खोकला हे त्या साचलेल्या कफाचं लक्षण असतं.

२.५ मायक्रॉनचा कण आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढा. तो थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे श्वासनळीतले ते सूक्ष्म केस नसतात. तिथली राखण भक्षक पेशी करतात, म्हणजे जंतू दिसला की गिळायचा आणि पचवायचा. काजळीचा कणही त्या गिळतात, पण काजळी पचत नाही. पोट काजळीने भरलेली पेशी न्यूमोनियाचा जंतू गिळण्यात मागे पडते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २००६ साली निरोगी मुलांच्या थुंकीतल्या या पेशी तपासल्या, तेव्हा जिथे काजळी जास्त तिथे फुप्फुसाची क्षमता कमी दिसली. ती मुलं आजारी नव्हती, हे लक्षात घ्यावं. त्याच शहरात २०१७ साली उंदरांवर असं दिसलं की काजळीच्या संगतीने न्यूमोकोकस हा जंतू नाकातून फुप्फुसात पसरतो. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन पाण्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून नाकात न अडकता तेही खोल जातात आणि पेशींमधले सांधे सैल करतात.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात डोंगरांनी वेढलेली एक दरी आहे. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं आणि धूर कोंडतो. तिथला पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ पासून वर्षभराहून थोडा अधिक काळ बंद होता. कारखाना सुरू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने रुग्णालयात भरती झालेली मुलं बंद काळाच्या दुप्पट-तिप्पट होती. ग्वाल्हेरला तसे डोंगर नाहीत, पण डिसेंबर-जानेवारीत वारा पडला की तेच झाकण आपल्यावरही पडतं. खाली असतो डबरा-भितरवारकडच्या धानाच्या नरवाईचा (कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांचा) धूर, रस्त्यांची धूळ, वाहनं, अलाव म्हणजे शेकोट्या आणि घरोघरच्या शेगड्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या प्रमाणात, ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. ते आकडे जुने झाले, शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही आलं, पण हिवाळ्यातलं झाकण बदललेलं नाही.

आता घरातलं, कारण बाहेरच्या धुराएवढाच, कधी त्याहून दाट धूर आपण स्वतः करतो. आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली, थोडा ऊद, आणि वर बाळ धरायचं. हेतू मायेचाच आहे, बाळाला सर्दी होऊ नये हा. परिणाम नेमका उलटा होतो. तान्हं मूल मिनिटाला ४० च्या आसपास श्वास घेतं, मोठं माणूस १५ च्या आसपास. वजनाच्या मानाने बाळ आपल्या दुपटीहून अधिक हवा आत घेतं, आणि त्याच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की जरासा कफ साचला तरी वाट बंद होते. घरातल्या आजींना आमची हात जोडून विनंती आहे की धुरी बंद करा. बाळाला मऊ पंचाने काना-मानेच्या घड्यांसकट कोरडं पुसा, टोपडं-मोजे घाला, आईच्या छातीशी धरून वरून दुपटं घ्या. ऊब मिळेल, धूर मिळणार नाही. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं तर जिवावर बेततं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डासांच्या कॉइलचंही तेच. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजमाप झालेलं आहे. मच्छरदाणी लावावी. देवघरात निरांजन लावून उदबत्ती एकच ठेवावी, तीही खिडकीशी, बाळाच्या खोलीत नको. घरात गॅस आला म्हणजे प्रश्न मिटला, असंही मानू नये. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे ३२०० कुटुंबांची एक मोठी चाचणी झाली. त्यात चुलीऐवजी गॅस मिळालेल्या घरांतही तान्ह्या मुलांचा गंभीर न्यूमोनिया कमी झालेला दिसला नाही. चूल बंद करावीच. पण एक धूर थांबवून दुसरे तसेच ठेवले तर फार आशा धरू नये, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

हवा बाहेर वाईट म्हणून चोवीस तास खिडक्या बंद ठेवल्या, तर घरातल्या एकाचा विषाणू सगळ्यांना लागतो. हिवाळ्यात दुपारी १२ ते ४ खिडक्या समोरासमोर उघडाव्यात. तेव्हा ऊन लागून झाकण सैल झालेलं असतं. संध्याकाळी ६ नंतर बंद कराव्यात. फूलबागेत पहाटे धुक्यात फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी डिसेंबर-जानेवारीत फिरणं उन्हात, ११ नंतर करावं. मे महिन्यात मात्र उलट. तेव्हा भर दुपारी ओझोन वाढतो, म्हणून सकाळच बरी.

मास्क कापडी असेल तर सूक्ष्म कणांसाठी जवळजवळ निरुपयोगी. एन-९५ घ्यावा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी आणि जोराने श्वास सोडून पाहावा. डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा लागली तर तो बसलेला नाही. दाढीवर बसतच नाही. वायू तो अडवत नाही.

बिलौआच्या खडी फोडणाऱ्या क्रशरवर, दगड घडवण्याच्या आणि कापण्याच्या कामावर असलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. आपल्या वालुकाश्मात सिलिका भरपूर असते. भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळते आणि मरते. कण मोकळा होतो, दुसरी गिळते, तीही मरते. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, तो उलटत नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पात्यावर पाण्याची धार ठेवून कापलं तर धूळ उडण्याआधीच बसते. हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, मालकाने तो टाळू नये. कामाचे कपडे घरी झटकू नयेत. धुळीच्या कामावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, हा समज सोडावा. गूळ अन्ननलिकेत जातो, फुप्फुसात नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

अलाव बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. २-३ अंशांच्या रात्री हातठेलेवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी जायचं कुठे? पण महानगरपालिका लाकूड देते ते वाळलेलं असावं. ओल्या ओंडक्याला ऊब कमी आणि धूर जास्त असतो. त्यात टायर, प्लायवूड, पॉलिथिन पडणार नाही, हे बघायला कोणीतरी नेमावं. रस्ते झाडण्याआधी पाणी शिंपडावं. कोरडा झाडू फिरला की बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते.

आपल्याकडे एक मागणी आहे. छापला जाणारा हवेचा निर्देशांक २४ तासांची सरासरी असतो, संध्याकाळी ४ ला काढलेला. त्यात रात्रीचा चढ आणि दुपारचा उतार एकमेकांत मिसळून जातात. महाराज बाडा, सिटी सेंटर आणि दीनदयाळ नगर इथल्या केंद्रांचे तासागणिक पीएम २.५ चे आकडे छापावेत, निदान रात्री ९ आणि सकाळी ९ चे. शेजारी भारताची २४ तासांची मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ मायक्रोग्रॅम (दर घनमीटर हवेत) द्यावी.

आणि जमल्यास हिवाळाभर एक छोटी चौकट द्यावी. मूल शांत किंवा झोपलेलं असताना छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून मोजायची. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध पिणं थांबलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्रीसुद्धा थांबू नये. न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात मोफत मिळते. एखादा डोस राहिला असेल तर कार्ड घेऊन जवळच्या लसीकरण केंद्रात जावं.

कळावे,
श्वसनरोग आणि बालआरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक
लष्कर, ग्वाल्हेर