माळ्यावरचे बूट गडावर नेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत भटकंतीचं पान येतं. माहुली, पेब, कर्नाळा अशी गडांची नावं, जवळचं स्टेशन, चढायला लागणारा वेळ, सगळं असतं. पायात काय घालायचं याबद्दल मात्र ‘चांगले बूट घालावेत’ एवढंच. मी ठाण्यात गोखले रोडवरच्या एका बुटांच्या दुकानात 24 वर्षं विक्रेता आहे. एवढं सांगून भागत नाही हे माझ्याच घरात अनुभवलं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या जुलैत माझी मुलगी एका ग्रुपबरोबर माहुलीला गेली. बूट महागातले, घोट्याच्या वर येणारे. 2019 साली मीच निवडून आणलेले. दोन-तीनदा घातले, मग टाळेबंदी आली, मग तिची नोकरी. मी ते पुसून, आत कागद कोंबून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवले होते. खाली काढले तेव्हा नव्यासारखे दिसत होते. आसनगावला उतरून गडावर पोहोचेपर्यंत काही झालं नाही. उतरताना, शिडीच्या खाली, उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि थोड्याच वेळात पुढूनही उघडला. कुणाच्या तरी सॅकमध्ये सुतळी होती, ती गुंडाळून ती उतरायला लागली. ओल्या दगडावर सुतळी काय धरणार? पाय घसरला, घोटा मुरगळला. ग्रुपमधल्या दोन मुलांनी खांद्याचा आधार देत तिला पायथ्याला आणलं तेव्हा अंधार पडला होता. त्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही. पाच आठवडे ती घरात होती.

तो सुटलेला तळ मी हातात घेऊन पाहिला. वरचं कापड आणि खालचं रबर धडधाकट होतं. मधला फोमचा थर मात्र चहात भिजलेल्या बिस्किटासारखा बोटांत कुस्करला गेला. हा थर पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा शिरून तो आतून तुटत जातो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट घातला नाही तरी हे चालूच राहतं, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ओलाव्याला काय तोटा! नेमाने वापरात असलेला बूट उलट जास्त टिकतो. मी पिशवीला गाठ मारून ओलावा आतच कोंडला होता. इतकी वर्षं या धंद्यात राहून मला हे उशिरा कळलं. त्याआधी कितीतरी गिऱ्हाइकांना मीच ‘नीट बांधून ठेवा’ असं सांगितलं आहे, याची फार खंत वाटते.

म्हणून वाचकांना विनंती, माळ्यावरचे बूट थेट गडावर नेऊ नका. मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा, बूट दोन्ही हातांनी वाकवा. भेगा दिसल्या, भुकटी पडली किंवा चिकट लागलं तर त्या बुटांचा मोह सोडा. ठीक वाटले तरी आधी आठवडाभर उपवनला तलावाभोवती घालून फिरा. तळ सुटायचाच असेल तर तिथे सुटू दे, घरी रिक्षाने येता येईल. सेलमध्ये घेताना खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. किंमत निम्मी का झाली, हे कधीकधी तिथेच कळतं.

जूनमध्ये येणारा जवळजवळ प्रत्येकजण ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ असं विचारतो. बर्फात वॉटरप्रूफ बुटाच्या आतल्या अस्तराचा उपयोग आहे. आपल्या पावसात, ओढा ओलांडताना पाणी वरून, घोट्याकडून शिरतं, आणि तेच अस्तर ते बाहेर पडू देत नाही. मग दिवसभर भिजल्या पायांना फोड येतात. सह्याद्रीच्या पावसाळ्याला जाळीचा, पाणी सोडून देणारा बूट बरा, आणि मोजे सुती नकोत. हे सांगितलं की महागडा जोड विकला जात नाही, तरी आता मी सांगतो.

पैसे घालायचे तर तळाला घाला. खोल खाचा, जरा मऊ रबर. धावायच्या बुटांचा गुळगुळीत तळ ओल्या कातळावर सरकतो. काही बुटांच्या तळाला पिवळा अष्टकोनी शिक्का असतो, तो व्हिब्रम या तळ बनवणाऱ्या कंपनीचा. तिचा संस्थापक व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती 1935 साली आल्प्समध्ये मरण पावले. त्यांच्या पायांत त्या हवामानाला साजेसे बूट नव्हते. त्यानंतर 1937 साली त्याने खाचांचा रबरी तळ आणला. शिक्का असलाच पाहिजे असं नाही, खाचा हव्यात. शेवाळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे पाऊलच जपून टाकायला हवं.

माप घ्यायला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. गडावर घालणार तेच मोजे आणा. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, म्हणून पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. स्टेशनवर हजेरी घेता तेव्हाच प्रत्येकाला बूट वाकवून दाखवायला सांगा. तीस जणांना दहा मिनिटं लागतील. ज्याचे बूट बरे नाहीत त्याला पायथ्याशी थांबवा, तो रागावला तरी. आणि आपण, संपादक महोदय, यंदाच्या भटकंतीच्या पानावर बुटांसाठी एक चौकट द्यावी.

नौपाड्यात एक जुना वाडा पुनर्विकासासाठी पाडला, तेव्हा त्याची काळ्या दगडाची पायरी मी मागून आणली. गडांचा कातळ तोच. मालकांच्या परवानगीने ती दुकानाच्या दारात जरा तिरपी ठेवली आहे. बाजूला पाण्याची बादली आणि तांब्या असतो. ट्रेकसाठी बूट घ्यायला येणाऱ्याला मी पायरीवर पाणी ओतून तिच्यावर उभं राहायला सांगतो. माझ्या मुलीने तिचे नवे बूट त्याच पायरीवर उभं राहून निवडले.

आपला,
एक विक्रेता आणि वाचक,
ठाणे (प.)