शापोऱ्यातल्या सेन्सरचे आकडे आणि आपली हिरवी खूण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पाण्याच्या सेन्सरची चुकीची आकडेवारी 'तपासलेली' म्हणून पुरवल्याबाबत

महोदय,

आगरवाड्याच्या खाजनात (भरतीच्या पाण्यालगतच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीत) कोळंबी आणि चोणक मासे पाळणाऱ्या आमच्या गटाने आपली वार्षिक सेवा घेतली आहे. शापोरा नदीत आपला सेन्सर दर पंधरा मिनिटांनी तापमान, क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग क्षार), विरघळलेला ऑक्सिजन, पीएच, गढूळपणा आणि पाण्याची पातळी मोजतो. यंत्राबद्दल आमची तक्रार नाही, ते बऱ्यापैकी चालते. तक्रार आहे ती आकडे आमच्या मोबाइलवर येण्याआधी आपण त्यांचे जे काही करता त्याबद्दल. करारात 'गुणवत्ता तपासणी केलेली आकडेवारी' असे शब्द आहेत आणि त्या तपासणीचे पैसे आम्ही वेगळे भरतो.

सगळ्यात मोठा घोळ क्षारतेचा. पावसाने जोर धरला की शापोऱ्याचे पाणी गोडे होत जाते. वरून तिळारी नदीचे पाणी येते, धरणाचा विसर्ग सुरू झाला की विचारूच नका. उन्हाळ्यात तिशीच्या वर असणारी क्षारता घसरून एक आकडी होते, आणि ओहोटीला तर जवळजवळ काहीच उरत नाही. इथे हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपल्या प्रणालीने मात्र नेमके हेच आकडे 'मर्यादेबाहेर' म्हणून बाद केले. चौकशी केली तेव्हा कळले की मर्यादा ३० ते ३७ ठेवली आहे. ही मर्यादा खुल्या समुद्राची झाली, पावसाळ्यातल्या नदीमुखाची नव्हे. बाद केलेल्या जागी निदान रिकामी जागा तरी ठेवायची! तेही नाही. शेवटचा मान्य झालेला आकडा आपण तसाच पुढे ओढत नेला आणि त्याच्यावर 'तपासून बरोबर' अशी हिरवी खूण केली. मानशीची (खाजनात पाणी घेण्या-सोडण्याच्या बांधातल्या मोरीची) दारे उघडायची की बंद ठेवायची हे ज्या दिवसांत ठरवायचे असते, त्याच दिवसांत नदीला पूर आणि आलेखावर क्षारता ३०.४, हलायचे नाव नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात इतकी सपाट रेघ दिसली की सेन्सर अडकला आहे किंवा आकडा बनावट आहे, हे पहिल्या तपासणीतच पकडले जायला हवे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पावसाआधीही सगळे ठीक होते असे नाही. एप्रिल-मेमध्ये नदीला वरून पाणी जवळपास येत नाही, खारेपणा वाढतो. आपला आलेख मात्र हळूहळू खाली जात होता. कारण सरळ आहे. क्षारता पाण्याच्या विद्युत वाहकतेवरून काढली जाते; सेन्सरच्या ती वाहकता मोजणाऱ्या भागात शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) वाढले की तिथली पाण्याची जागा कमी होते आणि आकडा कमी येतो. आपला तंत्रज्ञ येऊन घासून गेला आणि त्याच दुपारी क्षारता एकदम वर उसळली. अशा वेळी साफसफाईच्या आधी आणि नंतर वाचन घ्यायचे, प्रमाणित द्रावणात तपासायचे आणि निघालेला फरक मागच्या आठवड्यांच्या आकड्यांत टप्प्याटप्प्याने दुरुस्त करायचा, ही रूढ पद्धत आहे. भेटीच्या अहवालात एवढेच लिहिले आहे: 'सेन्सर स्वच्छ केला.'

ऑक्सिजनचे प्रकरण जास्त धोक्याचे, कारण एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) कधी लावायचा ते आम्ही त्याच्यावरून ठरवतो. आपण पाठवलेल्या फाइलच्या वरच्या ओळीत क्षारतेची सेटिंग शून्य दिसते, म्हणजे पाणी गोडे धरूनच ऑक्सिजनचा हिशेब होतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३५ क्षारतेच्या पाण्यात सुमारे ६.२. म्हणजे उन्हाळ्यात आपला आलेख ४.५ दाखवतो तेव्हा पाण्यात खरे तर ३.७ च्या आसपासच असतो. कोळंबीसाठी ४ च्या खाली जाऊ देऊ नये असे सगळेच सांगतात. क्षारता मोजणारा सेन्सर त्याच नळकांड्यात शेजारी बसलेला असताना त्याचा आकडा वापरू नये, याला काय म्हणावे?

वेळेचे थोडक्यात सांगतो. अहवालावर 'भारतीय प्रमाणवेळ' छापले आहे, आकडे जागतिक वेळेचे आहेत. साडेपाच तासांचा फरक, आणि आपल्याकडे भरती ते ओहोटी सुमारे सव्वासहा तास. त्यामुळे आपला आलेख भरतीच्या वेळी जवळजवळ ओहोटी दाखवतो. ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असायला हवा, तो मध्यरात्रीच तळाला गेलेला दिसतो. हे आम्ही फोनवर सांगितले तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मोबाइलचे घड्याळ तपासायला सांगितले.

अमेरिकेतल्या आयओओएस या सागरी निरीक्षण यंत्रणेची क्वार्टॉड ही आकडे तपासण्याची पद्धत सर्वांना खुली आहे. तिच्यात मर्यादा, उसळी, बदलाचा वेग, सपाट रेघ, हंगामी सरासरी अशा वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि प्रत्येक आकड्याला खूण आहे: १ म्हणजे उत्तीर्ण, २ न तपासलेला, ३ संशयास्पद, ४ नापास, ९ गहाळ. संशयास्पद आकडा पुसायचा नसतो, तो खुणेसकट ग्राहकाला द्यायचा असतो. निर्णय आम्ही घेऊ. आपल्याकडे एकच खूण आहे, हिरवी.

तरी सेवा सुरू झाल्यापासूनचे मूळ, न बदललेले आकडे आम्हाला द्यावेत. सोबत प्रत्येक भेटीची कॅलिब्रेशनची (प्रमाणित द्रावणाशी सेन्सर ताडून पाहिल्याची) नोंद हवी. क्षारतेच्या मर्यादा या नदीच्या हंगामाप्रमाणे ठरवाव्यात, वेळ आणि ऑक्सिजनची सेटिंग दुरुस्त करून जुने आकडे पुन्हा काढावेत आणि भरलेले आकडे मोजलेल्या आकड्यांपासून वेगळे दाखवावेत. तपासणीपोटी घेतलेली रक्कम परत करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. आम्ही व्यावसायिक ग्राहक असल्याने दाद मागता येणार नाही, असे आपल्या प्रतिनिधीने सुचवले होते. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला आहे, हे त्यांना कळवावे.

तंत्रज्ञ पाठवताना ओहोटीची वेळ आम्हाला विचारून ठरवा, आपल्या आलेखावरून नको.

आपला,
गटाच्या वतीने एक सभासद
आगरवाडा, पेडणे, गोवा