बाबांच्या मूत्रपिंडातील गाठीविषयी

चि. मिहीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या मूत्रपिंडातील गाठ कर्करोगाची असल्याचे बायॉप्सीत निश्चित होऊनही डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करण्यास सांगितले, याचा तुला आलेला राग मी समजू शकते. परंतु पॅथॉलॉजी विभागात माझी सारी नोकरी झाली आहे आणि मला हा निर्णय हलगर्जीपणाचा वाटत नाही.

चार सेंटिमीटरपेक्षा लहान अशा गाठी वर्षाला सरासरी सुमारे ३ मिलिमीटर वाढतात आणि काही तर वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. ऑन्कोसायटोमासारखी साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठसुद्धा वाढतेच, त्यामुळे केवळ वेगावरून गाठीचा स्वभाव ओळखता येत नाही.

बाबांची स्लाइड मी स्वतः पाहिली. गाठ ‘क्लिअर सेल’ प्रकारची आहे. या पेशींतील चरबी आणि ग्लायकोजेन स्लाइड तयार होताना विरघळून जातात, म्हणून पेशी रिकाम्या, पांढुरक्या दिसतात आणि त्यांच्याभोवती नाजूक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. हे जाळे कशामुळे होते, तर तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झाल्यामुळे. एरवी प्राणवायू पुरेसा असताना हे जनुक ‘हिफ’ नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लावते. हे जनुक नसले की पेशी प्राणवायू कमी पडल्यासारखी वागू लागते आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते, याच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

मात्र एवढ्याने गाठ वेगाने वाढत नाही. तिसऱ्या गुणसूत्रातील पहिला बिघाड पुष्कळदा लहानपणी किंवा तारुण्यातच झालेला असतो आणि गाठ दिसते ती कित्येक दशकांनी. पुढची गती नंतरच्या बिघाडांवर ठरते. बीएपी१ हे जनुक गेले तर गाठ सहसा वरच्या ग्रेडची, म्हणजे पेशी अधिक बिघडलेल्या दिसणारी, आणि आक्रमक होते. नवव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे गळाले तर ती इतरत्र पसरण्याची भीती वाढते. बाबांच्या गाठीतील पेशिकेंद्रे चारपैकी दुसऱ्या ग्रेडची आहेत. फ्युमरेट हायड्रेटेज या विकराच्या अभावाने होणारी गाठ असती, तर ती लहान असतानाही पसरते म्हणून मीच आज शस्त्रक्रियेचा हट्ट धरला असता.

वाढ वर्षाला पाच मिलिमीटरच्या पुढे गेली, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा असे ठरले आहे. व्यास २ वरून २.५ सेंटिमीटर झाला की घनफळ जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे थोडाही फरक मोजताना चूक होता कामा नये. तुलना त्याच पद्धतीच्या स्कॅनशी व्हायला हवी. पहिल्या स्कॅनची सीडी तुझ्याकडे राहिली आहे, ती या आठवड्यात कुरिअरने पाठव.

तुझी,
आई