सुरगाणा की निफाड? दोन्ही!

नाशिक

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण पोस्टिंगचं काम तुझ्या गळ्यात पडलं हे ऐकून आनंद झाला, आणि थोडी कीवही आली. मेडिकलच्या इंटर्न मुलांना सुरगाण्याला पाठवू की निफाडला, असं तू विचारलं आहेस. माझं मत, दोन्हीकडे पाठव, आणि एकाच वेळी पाठव.

कारण असं आहे. भात-नागलीची कापणी उरकली, दिवाळी झाली, की पेठ-सुरगाण्याचे पाडे रिकामे व्हायला लागतात. पाड्यावर काम नसतं, आणि इकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीपासून खुडणीपर्यंत माणूस कमी पडतो. जोडपं निघतं तेव्हा कडेवरचं मूल जातं, पोटातलं जातं, कधी क्षयाची अर्धी राहिलेली औषधंही पिशवीत जातात. मूळ गावच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि विषय मिटतो. बागेच्या गावात मात्र त्यांचं नाव कुणाच्याच यादीत नसतं. चौदाव्या आठवड्याचा पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला, गरोदरपणातल्या १८० लोहगोळ्या, सगळं या दोन तालुक्यांच्या मधे गळतं. ही गळती बुजवणं हेच तुझ्या मुलांचं काम असू दे. सर्वेक्षणाचे फॉर्म गावाने पुष्कळ भरून दिलेत.

सुरगाण्याच्या गटाने ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्या कुटुंबांची यादी करायची. गरोदर बाई असेल तर शेवटच्या पाळीची तारीख, हिमोग्लोबिन, पुढची तपासणी कधी. मूल असेल तर शेवटची लस, वजन, दंडघेर. क्षयरुग्ण असेल तर निक्षय आयडी (सरकारी क्षय नोंदणीतला त्याचा क्रमांक) आणि किती औषध शिल्लक. एवढं कुणीही लिहितं. चुकतो तो शेवटचा रकाना, कुठे जाणार. तिथे ‘नाशिककडे’ असं उत्तर मिळतं, मुलं तेच लिहून मोकळी होतात आणि यादी वाया जाते. ‘मागल्या साली कोणाच्या बागेत होता?’ असं विचारायला शिकव. उचल कोणाकडून घेतली हेही विचारायचं, म्हणजे मुकादमाचा मोबाइल मिळतो. बरीच कुटुंबं पुन्हा त्याच बागेत जातात. निफाडच्या गटाने ती यादी घेऊन शेतावरच्या शेडमध्ये जायचं ते संध्याकाळी सहानंतर. दिवसा तिथे फक्त लहानगी आणि त्यांना सांभाळणारी आठ वर्षांची ताई सापडते. पाड्यावरही तेच: कॉलेजची गाडी अकराला पोचली तर दारांना कुलपं. सकाळी आठच्या आत पोचायचं तर मुक्काम तिथेच हवा.

त्यामुळे नियमातले कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करून वाटू नकोस. निदान सहा आठवडे सलग एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दे. एका केंद्रावर चारांपेक्षा जास्त मुलं नकोत, आणि त्यात एक-दोन नर्सिंगची असली तर उत्तम, एएनएमताईंच्या (उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या) हाताखाली कसं काम करायचं हे त्यांना जास्त कळतं. जाणारा आणि येणारा गट दोन दिवस एकत्र राहायलाच हवा, नाहीतर नवी मुलं पुन्हा तीच घरं मोजत बसतात.

पहिल्या आठवड्यात हात बसवून घे. दंडघेर सोपा वाटतो म्हणूनच चुकतो. मूल सहा महिने ते पाच वर्षांचं, डावा दंड. आधी कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजायचं, मध्यावर पेनाने खूण करायची, मग हात सरळ सैल सोडून खुणेवर पट्टी. मूल रडत हात आखडून धरत असेल तर थांबायचं. पट्टी आवळली की कातडीला घडी पडते आणि आकडा खाली येतो. सैल राहिली तर खालून उजेड दिसतो आणि आकडा वर जातो. ११.५ सेंटिमीटरखाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. म्हणजे पाच मिलिमीटरच्या हलगर्जीने मूल एका यादीतून दुसरीत जातं. शनिवारी वैद्यकीय अधिकाऱ्याने पाच मुलांचे दंड स्वतः पुन्हा मोजावेत. लॉगबुकातल्या शंभर सह्यांपेक्षा हे पाच आकडे मला खरे वाटतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मुलांना आधीच बजाव. आदिवासी पट्ट्यात ही तपासणी होते, पण सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस वाहक आहे की रुग्ण हे कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. उत्साही इंटर्न पाड्यावरच ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ सांगून मोकळा होतो आणि एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. अहवाल येईपर्यंत तोंड बंद, आणि आल्यावरही घरातच, चारचौघांत नाही.

आशाताईंना वाटाड्या करू नका. त्यांना बराच मोबदला कामागणिक मिळतो. तुझ्या मुलांच्या प्रोजेक्टपायी गेलेला अर्धा दिवस त्यांच्या पदरचा जातो. त्यांच्या ठरलेल्या गृहभेटींनाच मुलांनी सोबत जावं. घरी आणलेल्या बाळाच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. त्यातली एखादी नीट पाहिली तरी मुलं बरंच शिकतात.

राहण्याचं तू स्वतः जाऊन बघ. मुलींच्या खोलीला आतून कडी, संडासात पाणी, रात्री बॅटरी आणि मच्छरदाणी. पावसाळ्यातली तुकडी असेल तर सर्पदंशाची तयारीही बघ: प्रतिसर्पविषाच्या निदान दहा कुप्या, त्याची रिअ‍ॅक्शन आली तर अॅड्रेनॅलिन, आणि कोरडी स्वच्छ काचेची परीक्षानळी. नळीत २ मिली रक्त घालून २० मिनिटं हलवायची नाही; रक्त गोठलं नाही तर विष भिनलं असं समजायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर रक्त गोठत नाही आणि उगाच विषबाधा समजली जाते. घोणस-फुरशाचं विष या चाचणीत कळतं. मण्यारीचं नाही, तिथे पापण्या जड होतात का ते बघायचं.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज दर तुकडीला एक गाव देतं हे तुला माहीत आहेच. आपल्याकडे गावच सहा महिने दुसऱ्या तालुक्यात असतं, म्हणून दोन टोकं हवीत. दोन्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एकत्र बसवायचं काम मात्र तुलाच करावं लागेल, आणि ते दसऱ्याच्या आत कर. नंतर कोणी हाताला लागत नाही. यादीचा नमुना मी करून ठेवला आहे, एका पानावर बसतो. तारखा ठरल्या की कळव, पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल