आधी मोरी उपसायला लावणाऱ्या आबांना

आदरणीय आबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गणपतीच्या आधीच्या रविवारी कांदाटी खोऱ्यातला तुमच्या वाडीचा, झाडे पडून अडलेला जंगलरस्ता मोकळा झाला आणि त्याचे फोटो साताऱ्यात पुष्कळ फिरले. त्यांत आमच्या गाड्या आहेत, दोर आहेत, चिखलाने माखलेले आमचे चेहरे आहेत. तुम्ही मात्र एकाही फोटोत नाही, कारण आम्ही फोटो काढत होतो तेव्हा तुम्ही कमरेइतक्या पाण्यात, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीत उतरलेले होता. शाबासकी सगळी आमच्या वाट्याला आली आणि ती घेताना मला संकोच वाटत राहिला, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

बर्फाळ देशांतले हौशी गाडीवाले हिवाळ्यात एकत्र जमतात, चाकांना साखळ्या बांधतात आणि बर्फाच्या भाराने मोडून पडलेली झाडे ओढून जंगलातले रस्ते मोकळे करतात, हे आम्ही पाहिले होते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे, असा विचार करून आम्ही चौदा गाड्यांची यादी केली, वनविभागाची परवानगी घेतली आणि आठवडाभर आधी मी पाहणीसाठी तुमच्याकडे आलो. यादी ऐकून तुम्ही एवढेच विचारलेत, "चौदा गाड्या गेल्यावर मागं रस्ता उरंल का?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बर्फातल्या चाकोऱ्या बर्फाबरोबर वितळून जातात आणि खालचा रस्ता होता तसा राहतो. भिजलेल्या लाल मातीत मात्र दोन-दोन टनांच्या गाड्या एकामागून एक गेल्या की चाकोरीची पन्हळ होते, पुढच्या पावसाचे पाणी तिच्यातूनच धावते आणि रस्ता कडेने खचत जातो. म्हणजे जो रस्ता मोकळा करायला आम्ही निघालो होतो, तोच आमच्या ताफ्याने बिघडला असता. तुमच्या सांगण्यावरून आम्ही पाच गाड्या ठेवल्या. उरलेल्या नऊ जणांना "तुम्ही येऊ नका" असे कळवणे हे या साऱ्या आयोजनातले सर्वांत अवघड काम ठरले, आणि त्यांपैकी दोघे अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत.

तापोळ्याहून तराफ्याने गाड्या कोयनेच्या जलाशयापलीकडे उतरवल्या, टायरांतली हवा निम्म्याच्या आसपास आणली, म्हणजे चाक पसरून मातीवर टेकते आणि कमी रुतते, आणि चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा फोर-लो गिअर टाकून आम्ही चढाला लागलो. पुढे तुम्ही पायी चालत होता. पहिले आडवे जांभूळ दिसताच आमच्या मंडळींनी विंचचा, म्हणजे गाडीवर बसवलेल्या ओढयंत्राचा, दोर सोडायला घेतला, तेव्हा तुम्ही त्यांना थांबवून अलीकडची बुजलेली मोरी दाखवलीत आणि म्हणालात, "आधी पाण्याची वाट, मग तुमची." पाच गाड्या उभ्या आणि बारा माणसे फावडी-घमेली घेऊन गाळ उपसत आहेत, हे दृश्य आमच्यापैकी काहींना अजिबात रुचले नव्हते, दीड तास गेला तेव्हा मीसुद्धा मनातून वैतागलो होतो. पण पहारीने शेवटचा दगड हलला आणि रस्त्यावरून वाहणारे पाणी पाहता पाहता मोरीखालून जाऊ लागले, तेव्हा पुढच्या चढावरचा अर्धा चिखल कशामुळे होता ते सर्वांना कळले.

सर्वांत मोठा उपकार मात्र हिरड्यापाशी झाला. ते झाड वरच्या बांधावरून मुळांसकट कलंडून रस्त्यावर आले होते, आणि आमचा बेत ते मुळे-मातीच्या गड्ड्यासकट ओढून दरीकडे लोटून द्यायचा होता. आमची विंच साडेचार टनांच्या आतबाहेर ओढते, कप्पी लावली की वेग निम्मा होतो पण ओढ जवळजवळ दुप्पट मिळते, त्यामुळे ते झाड निघाले असते यात शंका नाही. तुम्ही वर चढून मुळे पाहिलीत आणि सांगितलेत की निम्मी मुळे अजून जमिनीत आहेत आणि वरचा सगळा बांध त्यांनीच धरून ठेवला आहे. झाड निघेल, पण त्याच्यामागून दरडही येईल. तुमच्या भागात वर जांभा आणि खाली काळा पाषाण आहे. जांभ्यात मुरलेले पाणी पाषाणावर अडते आणि मधली माती साबणासारखी होते, हे मी पुस्तकात वाचले होते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडींखाली माणसे गेली, हेही मला ठाऊक होते. तरीही दोर हातात असताना त्यातले काहीएक आठवले नाही, याची मला लाज वाटते.

मग तुम्ही सांगाल तसा बुंधा रस्त्याच्या कडेशी कापला. आधी बुंध्याच्या दाबल्या गेलेल्या बाजूने थोडा काप घेतला, मग ताणलेल्या बाजूने, आणि गड्ड्याच्या खालच्या अंगाला एकाही माणसाला उभे राहू दिले नाही. बुंधा सुटताच गड्डा धपकन मागे बसला. करवत चालवणारा आमचा गडी त्यानंतर बराच वेळ गप्प होता. ओंडके वनरक्षकांसमोर मोजून कडेला रचले. जळणापुरतीही काटकी कोणी गाडीत टाकली नाही.

पुढच्या दोन झाडांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. विंच कशी बांधायची, दोर तुटल्यास फटकारू नये म्हणून त्यावर ओले घोंगडे कसे टाकायचे, ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी का उभे राहू नये, एवढे आम्हाला येत होते आणि ते आम्ही नीट केले. दुपारी चार वाजता वाडीतली पहिली जीप त्या रस्त्याने खाली उतरली, आणि तुमच्या घरच्या नाचणीच्या भाकरीबरोबर खाल्लेल्या कुळथाच्या पिठल्याची चव आमच्या गाड्यांमध्ये अजून चर्चेत आहे. मुंबईत माथाडीत असलेली तुमची मुले सामानासकट थेट दारापर्यंत पोचली, असा निरोप गणपतीत मिळाला, तेव्हा फार बरे वाटले.

आता एक विनंती आहे. पुढल्या वर्षी झाडे पडण्याची वाट न पाहता मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर, त्या रस्त्यावरच्या साऱ्या मोऱ्या उपसायला यावे असे आम्ही ठरवले आहे. किती मोऱ्या आहेत आणि कोणती आधी घ्यायची ते तुम्हीच सांगावे. गाड्या दोनच आणू. त्या रुसलेल्या दोघांना पहिला मान द्यायचा माझा विचार आहे, तुमची हरकत नसेल तर.

तुमची पहार चुकून आमच्या मागच्या गाडीत राहिली आहे. पुढच्या शनिवारी तापोळ्याच्या तराफ्यावर ती पोचती करतो.

आपला नम्र,
साताऱ्याच्या पाच गाड्यांतल्या पहिल्या गाडीचा चालक