तक्रार पत्र: एका थेंबाचे दोन थेंब मोजणारा ड्रॉप काउंटर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सलाईनच्या ड्रॉप काउंटरमधील सदोष सेन्सर सर्किटबाबत

महोदय,

आमच्या १५ खाटांच्या रुग्णालयातील यंत्रांची देखभाल मी करतो. दोन महिन्यांपूर्वी आपल्याकडून घेतलेले ४ ड्रॉप काउंटर (सलाईनच्या चेंबरला क्लिपने लावून पडणारे थेंब मोजणारी यंत्रे) चुकीचे थेंब मोजतात. फोनवर दोनदा कळवले, दोन्ही वेळा 'ड्रिप सेट बदलून बघा' एवढेच उत्तर मिळाले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट लावून पाहिले. काही फरक पडला नाही.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीच्या सिस्टरांनी एका पेशंटला ताशी १०० मिली सलाईन लावले होते. सेट १ मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ थेंब पडायला हवेत. यंत्र ६६ दाखवत होते. त्या आकड्यावर विसंबून नळीवरचा, सलाईनचा वेग कमी-जास्त करणारा रोलर आवळला असता तर पेशंटला निम्मेच सलाईन गेले असते. सिस्टरांना शंका आली, त्यांनी घड्याळ समोर धरून चेंबरमधले थेंब मोजले, म्हणून निभावले.

शेवटी एक यंत्र मी उघडले. वॉरंटी जाते हे ठाऊक होते, पण दुसरा मार्ग उरला नव्हता. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर, म्हणजे फोटोट्रान्झिस्टरवर, सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तर एकाच थेंबाला आलेखात दोन खड्डे दिसले, मध्ये एक उंचवटा. पाण्याचा थेंब समोरच्या एलईडीचे इन्फ्रारेड किरण फारसे शोषत नाही, तो त्यांना लेन्ससारखा वळवतो. कडांमधून जाणारा प्रकाश बाजूला फेकला जातो आणि मधला भाग सरळ सेन्सरवर पडतो. दोन्ही खड्डे जेमतेम काही मिलिसेकंदांच्या अंतराने येतात आणि आपले यंत्र दोन्ही मोजते. एक थेंब मोजल्यावर पुढचे ५० मिलिसेकंद काहीही मोजू नये, एवढी सूचना प्रोग्रॅममध्ये असती तरी हा दोष राहिला नसता. मिनिटाला २०० थेंब पडले तरी दोन थेंबांत ३०० मिलिसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे खरा थेंब निसटण्याची भीती नाही.

आणखी एक गोष्ट पाहून फार वाईट वाटले. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की थेंब पडल्याचे ठरवणारा भाग म्हणजे कंपॅरेटर. सिग्नल त्या पातळीजवळ किंचित हलला तरी पुन्हा मोजणी होऊ नये म्हणून त्याला हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळीत थोडे अंतर) देणाऱ्या रेझिस्टरची जागा पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) छापलेली आहे, पण तिथे रेझिस्टर बसवलेलाच नाही. म्हणजे डिझाइन करणाऱ्याला त्याची गरज कळली होती. रुग्णाच्या उशाशी लावायच्या यंत्रात ही काटकसर कोणी केली?

पश्चिमेच्या खिडकीजवळच्या खाटेवर दुपारी उलटा प्रकार होतो. उन्हातल्या इन्फ्रारेडने फोटोट्रान्झिस्टर भरून जातो, त्याला थेंबाची सावली कळत नाही, मोजणी शून्यावर येते आणि अलार्म वाजत राहतो. क्लिपभोवती काळे कापड गुंडाळले की यंत्र चालू लागते. एलईडी सतत पेटता न ठेवता ठरावीक फ्रिक्वेन्सीने चालवून सेन्सरकडून तेवढाच सिग्नल घेतला असता, तर कापडाची वेळ आली नसती.

चारही यंत्रे १५ दिवसांत सुधारित सर्किट आणि प्रोग्रॅमसह बदलून द्यावीत, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. हेच मॉडेल ज्या इतर रुग्णालयांना विकले आहे, त्यांनाही तातडीने लेखी कळवावे. ही मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येक ठिकाणी कोणी घड्याळ लावून थेंब मोजून पाहीलच असे नाही.

बिलाची प्रत, ऑसिलोस्कोपचे फोटो आणि पीसीबीवरील रिकाम्या जागेचा फोटो सोबत जोडला आहे. तोवर यंत्रे कपाटात बंद ठेवली आहेत.

आपला,
बायोमेडिकल तंत्रज्ञ